पान 241 वरचं वाक्य

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत संशोधनाची तोंडओळख करून देणारा लेख आला होता. पदव्युत्तर वर्गातली मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला, सोप्या भाषेतला. या विषयावर दैनिकात कुणीतरी लिहावं ही माझी जुनी इच्छा, त्यामुळे लेख मी दोनदा वाचला. शेजारच्या चौकटीपाशी मात्र दोन्ही वेळा अडखळले. प्राथमिक साधन म्हणजे त्या काळातला मूळ कागद, दुय्यम साधन म्हणजे त्यावर नंतर लिहिलेलं पुस्तक, आणि प्राथमिक साधन विश्वासार्ह असतं, असं तीत म्हटलं आहे. चौकट आटोपशीर आहे, पाठ करायला सोयीची आहे. परीक्षेत उतरवली तर गुणही मिळतील. पण तिच्या भरवशावर कुणी प्रबंध लिहायला बसलं तर ते कुठे फसेल हे मी अनेकदा पाहिलं आहे, आणि एकदा स्वतः फसले आहे. म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे, याची कल्पना आहे.

मी 31 वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम केलं. त्यातली 22 वर्षं संदर्भ विभागाच्या टेबलावर गेली. नुकतीच नोंदणी झालेले संशोधक येत आणि विचारत, ‘मॅडम, माझ्या विषयाची प्राथमिक साधनं कुठल्या कपाटात आहेत?’ प्रश्न प्रामाणिक असे. प्रबंधात प्राथमिक साधनं हवीत असं मार्गदर्शकांनी बजावलेलं असे, आणि शब्दकोश जसे एका कपाटात असतात तशी हीही कुठेतरी रचून ठेवलेली असतील असं त्या मुलांना वाटे. मी उलट म्हणत असे, ‘तुम्हाला नेमकं काय शोधायचं आहे ते एका वाक्यात लिहून द्या.’ पुष्कळांना राग येई. बाई काम टाळताहेत असं वाटे. पण त्या एका वाक्याशिवाय मला खरोखरच काही सांगता येत नसे. कारण कुठलाही कागद प्राथमिकपणा कपाळावर लिहून घेऊन येत नाही. आपण त्याला काय विचारतो यावर तो प्राथमिक की दुय्यम हे ठरतं.

एडवर्ड गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास 1776 ते 1788 या वर्षांत सहा खंडांत प्रसिद्ध झाला. रोमचा अभ्यास करणाऱ्यासाठी तो दुय्यम, कारण गिबनने जे लिहिलं ते जुने ग्रंथ वाचून, शेकडो वर्षांनंतर. पण अठराव्या शतकातला शिकलेला इंग्रज माणूस धर्माकडे आणि साम्राज्याकडे कसा पाहत होता, हा तुमचा प्रश्न असेल तर तेच सहा खंड तुमचं प्राथमिक साधन. खंड जागचे हलले नाहीत. त्यांना विचारायचा प्रश्न तेवढा बदलला.

याहून साधं उदाहरण क्रमिक पुस्तकांचं. पन्नास वर्षांपूर्वीचं भूगोलाचं शालेय पुस्तक आज भूगोल शिकायला कुचकामी आहे. सीमा बदलल्या, देशांची नावं बदलली, आकडे जुने झाले. दरवर्षी बाद करायच्या पुस्तकांच्या यादीत अशी पुस्तकं सगळ्यात वर असत. पण तेव्हाच्या मुलांना जग कसं शिकवलं जात होतं, कुठल्या देशातल्या लोकांना ‘मागासलेले’ म्हटलं जात होतं, नकाशाच्या मध्यभागी कोण होतं, हे ज्याला पाहायचं आहे त्याला त्या पुस्तकाच्या तोडीचं दुसरं साधन मिळणार नाही. अशी पुस्तकं मी यादीतून हट्टाने काढून घेतली आहेत आणि जागा अडवल्याबद्दल वरिष्ठांची बोलणीही खाल्ली आहेत. आजही मला त्याचं काही वाटत नाही.

वर्तमानपत्राचंही तेच. आगीची बातमी घ्या. वार्ताहर बहुधा आग विझल्यावर पोचलेला असतो. शेजाऱ्यांनी, पोलिसांनी, अग्निशमन दलाने सांगितलं ते तो लिहितो. आग कशी लागली, या प्रश्नासाठी ती बातमी ऐकीव माहितीच आहे. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी वाचकांना त्या आगीबद्दल काय सांगितलं गेलं, बातमीला पहिल्या पानावर जागा मिळाली की पाचव्या, मृतांची नावं छापली की नुसता आकडा, हे विचाराल तर बातमी पहिल्या हातची आहे.

चौकटीतला ‘त्या काळातला कागद’ हा शब्दप्रयोग वाचून मुलांची आणखी एक समजूत होते. साधन प्राथमिक असायचं तर ते पिवळं पडलेलं आणि वाळवीने खाल्लेलं असलं पाहिजे, अशी. साहित्याच्या अभ्यासकाला ज्या कवितेवर लिहायचं ती कविताच प्राथमिक. तिच्यावरची समीक्षा दुय्यम. कायद्याच्या विद्यार्थ्याला कायद्याचं मूळ कलम आणि निकालपत्र. समाजशास्त्रात तर संशोधक स्वतः घेतलेल्या मुलाखतींतून आपलं साधन घडवतो. काल ध्वनिमुद्रित केलेली मुलाखत आज प्राथमिक साधन असते. आणि विज्ञानात, ज्याने प्रयोग केला त्यानेच त्याची पद्धत आणि निष्कर्ष मांडून लिहिलेला शोधनिबंध. तो गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झालेला असू शकतो. त्याच अंकात, त्याच टाइपात, तितक्याच तळटीपांसह आढावा घेणारा लेख असतो; तो दुय्यम. दोन्ही दिसायला जुळी भावंडं. विज्ञान शाखेच्या मुलांची सर्वाधिक फसगत इथे होते, असा माझा टेबलावरचा अनुभव.

विज्ञानातल्या मूळ निबंधामागेही आणखी एक मूळ असतं. 2010 मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांनी एक निबंध लिहिला. सरकारी कर्ज देशाच्या एकूण उत्पादनाच्या 90 टक्क्यांपलीकडे गेलं की अर्थव्यवस्थेच्या वाढीचा सरासरी दर उणे 0.1 टक्क्यावर येतो, असा आकडा त्यात होता. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या राजकारण्यांनी तो आकडा डोक्यावर घेतला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी वर्गातल्या स्वाध्यायासाठी हेच गणित पुन्हा करून पाहत होता. ते काही केल्या जुळेना. त्याने लेखकांना पत्र पाठवून त्यांची मूळ फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली, हे त्यांच्याविषयी आवर्जून सांगितलं पाहिजे. फाइलमधलं सरासरीचं सूत्र पाच देशांच्या ओळी सोडून आधीच थांबलं होतं. शिवाय काही देशांची काही वर्षं धरली नव्हती आणि भारांकनाची, म्हणजे कुठल्या देशाच्या आकड्याला किती वजन द्यायचं याची, पद्धतही वादाची होती. 2013 मध्ये हर्नडनने आपल्या दोन प्राध्यापकांसोबत हे सगळं मांडलं. त्यांच्या गणिताप्रमाणे तो दर 2.2 टक्के निघत होता. सूत्रातली चूक लेखकांनी मान्य केली, बाकीच्या आक्षेपांवर वाद राहिला. तो निबंध प्राथमिक साधन होताच. हर्नडनच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच्या पोटातल्या फाइलमध्ये होतं.

आता चौकटीतलं शेवटचं विधान. प्राथमिक साधन विश्वासार्ह असतं. मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटली. प्राथमिक साधन घटनेच्या जवळ असतं, एवढंच. जवळचा माणूस खोटं बोलत नाही असं थोडंच आहे? तो घाबरलेला असू शकतो, स्वतःची बाजू राखत असू शकतो, त्याने अर्धंच पाहिलेलं असू शकतं. इंग्लंडच्या विल्यम राजाने करवलेली 1086 ची प्रसिद्ध नोंदवही घ्या. गावोगावची जमीन, नांगर, गिरण्या यांच्या नोंदी इतक्या बारीक की थक्क व्हावं. पण तिच्यात लंडन नाही आणि विंचेस्टरही नाही. केवळ ती वही पाहून कुणी निष्कर्ष काढू लागला तर देशातलं सर्वांत मोठं शहर त्याच्या हिशेबातून गळेल.

आणि ‘मूळ’ म्हणजे तरी काय? कोलंबसची 1492 च्या सफरीची रोजनिशी सर्रास मूळ साधन म्हणून दिली जाते. कोलंबसच्या हातची वही हरवली. तिची करून घेतलेली नक्कलही हरवली. आज आपल्या हाती आहे तो बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने केलेला गोषवारा. काही ठिकाणी त्याने कोलंबसचे शब्द तसेच दिले आहेत. बाकीच्या ठिकाणी ‘तो म्हणतो’, ‘त्याला वाटलं’ असं तृतीयपुरुषी कथन आहे. लास कासासची स्वतःची ठाम मतं होती. बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या बाजूने तो पुढे अनेक दशकं लढला. म्हणजे एखादं वाक्य वाचताना ते कोलंबसचं की लास कासासने आवळून लिहिलेलं, हे दर वेळी पाहावं लागतं. ही रोजनिशी फेकून द्यावी असं मी म्हणत नाही. त्या सफरीबद्दल इतकं जवळचं दुसरं काही नाही. पण ती वाचताना बोट दोन माणसांवर ठेवून वाचावी लागते.

हे काही परक्यांचंच ज्ञान नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ शके 1212 चा. मधल्या जवळपास तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून अपपाठ शिरले होते. ज्ञानेश्वरांचा शब्द कोणता आणि लेखनिकाचा कोणता, हा निवाडा करायला एकनाथ बसले, आणि त्या कामासाठी त्यांनी वापरलेला शब्द आहे ‘प्रतिशुद्ध’. ‘प्रत’ आणि ‘मूळ’ यांत अंतर असतं ही जाण आपल्या भाषेत तेव्हापासून आहे. ज्या वाचकांच्या घरी पोथी आहे त्यांना ती समजावून सांगायला मला इंग्रजी शब्द लागत नाहीत.

बनावट कागदाचं तर आणखी नवल. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने पश्चिमेकडचा प्रदेश आणि सत्ता पोपला बहाल केल्याचं सांगणारं एक दानपत्र मध्ययुगात खरं मानलं जाई. 1440 मध्ये लोरेन्झो वाला या विद्वानाने त्यातली लॅटिन भाषा तपासली. चौथ्या शतकातल्या रोममध्ये ज्या पदनामांचा वापर नव्हता अशी, ‘सत्रप’सारखी, पदनामं त्यात सापडली. चौथ्या शतकातला माणूस असं लिहिणं शक्य नाही, असं त्याने दाखवून दिलं. आज तो दस्त आठव्या शतकातला समजला जातो. मग तो आता टाकाऊ झाला का? कॉन्स्टंटाइनबद्दल विचाराल तर हो. आठव्या शतकात चर्चला कशाची गरज भासत होती, आपला हक्क सिद्ध करायला त्यांना कसला पुरावा हवासा वाटत होता, हे विचाराल तर तोच खोटा कागद अस्सल साधन ठरतो. वर्गात हे उदाहरण दिलं की मुलांचे चेहरे बदलत. मघाचं ‘एका वाक्यात लिहून द्या’ त्यांना तेव्हा पटे.

आता माझी गोष्ट सांगते.

नोकरीत असतानाच मी एम.फिल.चा प्रबंध लिहिला. विषय शिक्षणाच्या इतिहासातला होता. एका जुन्या शिक्षण आयोगाने मुलींसाठी वेगळा, हलका अभ्यासक्रम असावा अशी शिफारस केली होती, असं विधान मला एका नावाजलेल्या पुस्तकात मिळालं. खाली तळटीप होती: आयोगाचा अहवाल, पान 241. माझ्या युक्तिवादात ते विधान अगदी चपखल बसत होतं. अहवाल आमच्या ग्रंथालयात नव्हता. दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता आला असता. ती देवघेव तर माझ्याच टेबलावरून चालायची. पण प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली होती. मी विधान घेतलं, आणि तळटिपेत त्या पुस्तकाचं नाव न देता थेट अहवालाचं नाव आणि पान 241 लिहून टाकलं. जणू मी तो अहवाल उघडला होता. ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ हे तीन शब्द लिहिले असते तर प्रबंध प्रामाणिक राहिला असता. ते मी लिहिले नाहीत, कारण संदर्भसूचीत मूळ अहवाल दिसला की सूची भारदस्त दिसते. परीक्षकांनी त्या सूचीचं कौतुकही केलं.

13 वर्षांनी एक संशोधक विद्यार्थिनी टेबलापाशी आली. तिला मीच तो अहवाल वाचायला सांगितलं होतं, आणि तोवर आमच्याकडे त्याची छायाप्रत आली होती. तिच्या एका हातात अहवाल होता आणि दुसऱ्या हातात माझा प्रबंध. ‘मॅडम, पान 241 वर मुलींचा उल्लेखच नाही,’ ती म्हणाली. तिथे शाळांच्या इमारतींच्या खर्चाचा तक्ता होता. आम्ही दोघींनी मिळून शोधलं. मजकूर निघाला पान 214 वर. पुस्तक छापताना आकडे उलटे झाले होते. पण खरा धक्का पुढे होता. वेगळ्या अभ्यासक्रमाची ती सूचना आयोगाची नव्हतीच. आयोगापुढे साक्ष द्यायला आलेल्या एका गृहस्थाची ती सूचना. आयोगाने ती नोंदवली आणि पुढच्याच परिच्छेदात स्पष्ट शब्दांत फेटाळली. पुस्तकाच्या लेखकाने साक्षीदाराचं म्हणणं आयोगाच्या तोंडी घातलं, आणि मी ते अहवाल पाहिल्याचा आव आणून पुढे पाठवलं. ज्यांनी मुलींची बाजू घेतली त्यांच्यावर मी माझ्या प्रबंधात उलट आरोप ठेवला होता.

ती मुलगी गेल्यावर मी आमच्याच विभागातले त्या विषयावरचे नंतरचे प्रबंध काढले. त्यांतल्या दोन प्रबंधांत ते विधान होतं. दोन्हींच्या तळटिपेत अहवालाचं नाव, दोन्हींत पान 241. त्या दोघांनीही अहवाल पाहिला नव्हता हे सांगायला आणखी पुरावा नको होता. एकाने बहुधा माझ्यावर विश्वास ठेवला होता. ग्रंथपाल बाईंनी लिहिलंय म्हणजे पाहूनच लिहिलं असणार.

पुढे कळलं की छापील चुकांचा हा माग शास्त्रीय पद्धतीने काढला गेला आहे. मिखाइल सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोन संशोधकांनी 2003 मध्ये संदर्भांतल्या छापील चुका मोजल्या. एकच चुकीचा पान क्रमांक किंवा खंड क्रमांक अनेक निबंधांत जसाच्या तसा आढळला तर तो एकमेकांच्या सूचीतून उतरवलेला असणार, या तर्कावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे 20 टक्केच लोक मूळ निबंध वाचतात. हा अंदाज आहे आणि त्याच्या पद्धतीवर चर्चा होऊ शकते. पण तो वाचला तेव्हा मला माझं पान 241 आठवलं आणि रात्री झोप लागली नाही.

माझ्या चुकीने कुणाचा जीव गेला नाही. असं नेहमीच होत नाही. आणि हे पुढचं उदाहरण तर संपादकाला पाठवलेल्या एका पत्राचंच आहे, म्हणून आपल्याला ते मुद्दाम सांगते. 10 जानेवारी 1980 च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पत्र छापून आलं. अवघी पाच वाक्यं. रुग्णालयात दाखल असलेल्या 39,946 रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांतल्या 11,882 जणांना अफूवर्गातलं वेदनाशामक निदान एकदा दिलं गेलं होतं, आणि आधी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांत व्यसन लागल्याची बऱ्यापैकी खात्रीची नोंद सापडली. पत्र एवढंच. किती दिवस औषध दिलं, किती मात्रेत दिलं, रुग्ण घरी गेल्यावर काय झालं, यातलं त्यात काही नव्हतं आणि लेखकांनी तसा दावाही केला नव्हता. पत्रात जे होतं ते बरोबरच होतं.

मग ते पत्र दुसऱ्यांच्या तळटिपांत गेलं. घरी बसून महिनोन्‌महिने या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांनाही व्यसन क्वचितच लागतं, याचा ‘पुरावा’ म्हणून ते दिलं जाऊ लागलं. 2017 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या पत्राचे संदर्भ एकेक करून तपासले आणि निष्कर्ष त्याच नियतकालिकात छापले. एकूण 608 संदर्भ सापडले. त्यांतल्या 439 ठिकाणी, म्हणजे 72.2 टक्के, ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. आणि 491 ठिकाणी, म्हणजे 80.8 टक्के, हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते याचा उल्लेखच नव्हता. मधल्या काळात उत्तर अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने केवढं थैमान घातलं ते जगाला ठाऊक आहे. ते सगळं एका पत्रामुळे झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. औषधविक्रीचा रेटा आणि इतर कारणं होतीच. पण डॉक्टरांची भीती घालवण्यात या संदर्भांचा वाटा होता, असं त्या तपासणीत म्हटलं आहे. त्या नियतकालिकाला अखेर जुन्या पत्रावर सूचना जोडावी लागली, की हे पत्र फार वेळा आणि फारसा विचार न करता उद्धृत केलं गेलं आहे.

पाच वाक्यं. वाचायला एक मिनिट पुरे. शेकडो सुशिक्षित माणसांपैकी कितींनी तो मिनिट दिला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही, कारण त्या अहवालाच्या वेळी मीही तो दिला नव्हता.

आता तर नसलेलंच साधन उभं करणारी यंत्रं आली आहेत. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने सुचवलेले निकाल आपल्या अर्जात दिले. खटल्यांची नावं होती, न्यायाधीशांची नावं होती, उतारे होते. निकाल मात्र कधीच दिले गेले नव्हते. न्यायाधीशांनी ते वकील आणि त्यांची फर्म यांना मिळून 5,000 डॉलर दंड केला. विद्यार्थ्यांनी ही यंत्रं वापरू नयेत असं मी म्हणणार नाही, वाट विचारायला कुणालाही विचारावं. पण यंत्राने सांगितलेला कागद हातात घेऊन पाहिल्याशिवाय तो तळटिपेत जाता कामा नये. माझ्या काळी अहवाल मागवायला तीन आठवडे लागत. आज कितीतरी जुने अहवाल, हस्तलिखितं, निकालपत्रं घरबसल्या पडद्यावर उघडतात. माझी सबब आजच्या मुलांना उपलब्ध नाही.

दुय्यम ग्रंथांविषयी मी काही वावगं बोलले असं कुणाला वाटू नये. चांगला दुय्यम ग्रंथ नसता तर मूळ कागद कुठे आहेत हेच मला कळलं नसतं. आयुष्यभर वाचकांना मी आधी तेच हाती दिले. मूळ कागद एकटा वाचला तर त्यातल्या अर्ध्या गोष्टींचा अर्थ लागत नाही. ज्याने आयुष्य त्या कागदांत घालवलं त्याचं बोट धरूनच आत जावं. फक्त तळटीप लिहिताना आपण कुणाच्या बोटाला धरून आलो ते लिहावं.

त्या मुलीने दाखवलेली चूक मला दुरुस्त करता येत होती तेवढी मी केली. जमा झालेला प्रबंध बदलता येत नाही. मी रीतसर परवानगी घेतली आणि ग्रंथालयातल्या प्रतीच्या त्या पानावर टंकलिखित चिठ्ठी चिकटवली: विधान चुकीचं आहे, खरा मजकूर अहवालाच्या पान 214 वर आहे, आयोगाने ती सूचना फेटाळली होती, आणि प्रबंध लिहिताना लेखिकेने अहवाल पाहिला नव्हता. खाली सही आणि तारीख. बाकीच्या दोन प्रबंधांच्या लेखकांना पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं.

आता आपल्याला विनंती. चौकटीतलं ‘प्राथमिक साधन विश्वासार्ह असतं’ हे वाक्य पुढच्या पुरवणीत मागे घ्यावं. दुसरं असं, की लेखाच्या शेवटी ‘मोजता येतं ते सगळंच मोलाचं नसतं, आणि मोलाचं ते सगळंच मोजता येत नाही’ या अर्थाचं वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर दिलं आहे. आइन्स्टाइन 1955 साली वारले. हे वाक्य विल्यम ब्रूस कॅमेरॉन या समाजशास्त्रज्ञाच्या 1963 सालच्या पुस्तकात आहे आणि तिथे त्यांनी ते आइन्स्टाइनचं म्हणून दिलेलं नाही. लेखकांकडे आइन्स्टाइनचं एखादं पत्र, भाषण किंवा निबंध असेल, तर त्याचं नाव आणि पान क्रमांक छापावा. मी ते पान काढून पाहीन आणि माझं म्हणणं मागे घेत असल्याचं आपल्याला कळवीन. नसेल, तर कॅमेरॉन यांचं नाव छापावं.

आपली वाचक,
एक निवृत्त ग्रंथपाल